कॅमेरा कोणावर रोखायचा?

पातूरसारख्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीवर मोर्चा निघाला, की घोषणेसाठी हात वर जातात, तसे मोबाइल धरलेले हातही वर जातात. कोणी म्हणतो, सारे टिपा. सत्याला भय कशाचे? कोणी म्हणतो, काहीच टिपू नका. उगाच बला नको. आम्हांस हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत.

चित्रणाचे मोल नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पोलिसांच्या गोळीबारात तिघे आंदोलक मृत्युमुखी पडले. वाहने फोडणारे पोलीस दूरचित्रवाणीवर दिसले नसते, तर शेतकऱ्यांच्या शब्दावर कितीजणांनी विश्वास ठेवला असता?

परंतु चित्रफीत नेहमी दुबळ्याच्याच बाजूने बोलते, हा भ्रम आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबारात दहाजणांचा बळी गेला. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, या दाव्याच्या पुष्ट्यर्थ चित्रफीत पुढे करण्यात आली. गुंडेवार आयोगाने मात्र गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित उपनिरीक्षकास जन्मठेप सुनावली. चित्र खोटे बोलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

शिवाय लहान गावात चेहरा ओळखण्यास यंत्र लागत नाही. आज घोषणा देताना टिपली गेलेली शेतमजूर बाई उद्या कोणाच्या शेतात कामाला जाणार? तिची संमती कोणी विचारली होती?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. उगारलेली लाठी टिपा, घोषणा देणारा चेहरा नव्हे. मूळ चित्रण न कापता जपा; ते गावभर फिरवण्याची घाई करू नका. मूळ उपकरण हजर न केल्यास इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या खोतकर खटल्यात ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची तरतूद आहे. दहा हातांतून फिरून आलेल्या तुकड्यासाठी ते कोण देणार? असा तुकडा न्यायालयात लंगडा पडतो, रस्त्यावर मात्र दगड होतो.

आठवी आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. खोटी साक्ष केवळ जिभेने दिली जात नाही. कापलेल्या चित्रानेही दिली जाते. आणि साक्ष खरी असली, तरी तिची किंमत शेजाऱ्याने आपल्या भाकरीने का मोजावी?