विश्लेषण : इंटरनेटवर ‘टोल’ लागणार का?

झरी जामणीतील शेतकऱ्याने रिचार्ज मारला, की त्या डेटावर कापसाचा भाव पाहायचा की मुलीच्या अभ्यासाचा व्हिडीओ, हे तोच ठरवतो, कंपनी नाही. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे एवढेच.

हे आपोआप मिळालेले नाही. २०१५ मध्ये ‘ट्राय’ने मते मागवली, तेव्हा दहा लाखांवर ईमेल गेले. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना निवडक संकेतस्थळे फुकट देणार होती. गरिबाला काही मिळते, तर विरोध कशाला, हा सवाल बिनतोड वाटे. पण फुकटच्या यादीत कोण येणार, याच्या अटी फेसबुकच्या, ही त्यातली मेख. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’ने असे वेगवेगळे दर बंद केले, दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये. २०१८ मध्ये वेगातील भेदभावाविरुद्धची तत्त्वेही मान्य झाली.

अमेरिकेत मात्र हे नियम २०१७ मध्ये रद्द झाले, २०२४ मध्ये परतले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा मोडीत काढले.

आपल्याकडे दूरसंचार कंपन्यांची मागणी आहे, की प्रचंड डेटा खेचणाऱ्या बड्या ॲप कंपन्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा उचलावा. विरळ वस्तीत टॉवर परवडत नाही, हे खोटे नाही. पण त्यासाठीच ‘डिजिटल भारत निधी’ आहे. शिवाय ग्राहकाने डेटाचे पैसे आधीच मोजलेले असतात. उद्या वाटा देणाऱ्या कंपनीने वेगाची हमी मागितली, तर कोलामी मुलांसाठी धडे बनवणारे एखादे छोटे ॲप तेलंगणाच्या सीमेवरच्या या तालुक्यात किती वेळ ‘लोड’ होत राहील?