न दिसलेले अणू
प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे, विखुरलेल्या किरणांची तीव्रता मोजायची आणि त्यावरून रेणूतला एकेक अणू कुठे बसला आहे ते ठरवायचे, हे काम सचोटीचे आहे. स्फटिक दुबळा निघाला, रेझोल्युशन, म्हणजे तपशिलाची बारकाई, साडेतीन अँगस्ट्रॉमवर अडले, की मोजमापे थोडी आणि ठरवायचे फार अशी अवस्था होते. मग बंधांची लांबी, त्यांचे कोन, हे रसायनशास्त्राचे पक्के नियम मदतीला घ्यावे लागतात. मोजमापाला मान किती आणि नियमाला किती, हा तोल शेवटी माणूसच ठरवतो.

मोजमापाचे पारडे फाजील जड केले की मॉडेल आणि मोजमापे यांतली तफावत सांगणारा आर-फॅक्टर झकास उतरतो, पण रेणूचे मॉडेल मोजणीतल्या चुकांनाही सत्य समजून वेडेवाकडे होते. नियमांचे पारडे जड केले की रेणू सुबक दिसतो, आणि एन्झाइमच्या क्रियास्थळी खरोखरच ताणलेला कोन मुकाट्याने सरळ केला जातो. पहिल्यात लोभ आहे, दुसऱ्यात भ्याडपणा.

उपाय नव्हते असे नाही. प्रथिनाच्या कण्याला कोणते कोन शक्य आहेत, याचा नकाशा रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासहून दिला. १९९२ मध्ये ब्रुंगर यांनी थोडी मोजमापे बाजूला राखून त्यांवर मॉडेल पारखायची आर-फ्रीची रीत घालून दिली. आम्ही काय केले? रामचंद्रनांच्या ज्या नकाशावर मॉडेल तपासायचे, त्याच नकाशात ते बळेच कोंबू लागलो. मग तपासणी कसली उरली?

दोष एकट्या संशोधकाचा नाही. ‘हा भाग आम्हाला दिसला नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला शोधनिबंधांचे परीक्षक खोडतात आणि निवड समित्या मागे सारतात. अशा रचना साठवणारी प्रोटीन डेटा बँक १९७१ ची. मॉडेलसोबत मूळ मोजमापे देण्याची सक्ती व्हायला २००८ उजाडले! पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठाला, आपल्याच प्रयोगशाळेतून आलेल्या अकरा रचना बनावट असाव्यात, असे जाहीर करावे लागले. त्यांतली एक ‘नेचर’ने छापली होती.

मोजमापांतून निघालेल्या इलेक्ट्रॉन-घनतेच्या अंधुक नकाशात औषधाचा रेणू बसवून दाखवणाऱ्याला आपण आजही नियतकालिकात पान देतो. त्या चित्रावर भरवसा ठेवून दुसरीकडे तरुण रसायनशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे निरुपयोगी संयुगे बनवत राहतात. परीक्षकांनो, आकड्यांचा तक्ता पाहून सही करू नका. घनतेचा नकाशा मागवा आणि तो रेणू तिथे खरोखर दिसतो का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.