रानवाटेवरील दोन दिवे

स्कॉटलंडमधील कॉन्टिन गांवाजवळच्या अरण्यांत ‘स्ट्रॅथपफर’ ही डोंगरी सायकलींची शर्यत ऐन जानेवारींत भरत आली आहे. २४ तासांपैकीं सुमारें १७ तास अंधारच! वडीलधाऱ्यांस हा आचरटपणा वाटेल. आम्हांस त्यांतील दक्षता मोलाची वाटते. हँडलवरील दिव्यानें दगडमुळ्यांच्या सावल्या लांबतात, म्हणून त्यांची उंची कळते. वळणापलीकडे पाहण्यास मात्र शिरस्त्राणावरील, नजरेबरोबर फिरणारा दिवाच हवा. तोच सोबत्याच्या तोंडावर रोखला गेला, तर दिपलेली दृष्टि सांवरेपर्यंत तो बिचारा भरवेगांत आंधळा! घरचे तरुण चार मित्रांसह रात्रीं रानांत सायकली घेऊन निघाले, तर अडवूं नये. वनखात्याची अनुमति घेतली ना, प्रत्येकापाशीं दोन दिवे आहेत ना, आणि मागें पडलेल्यासाठीं शेवटीं कोण राहणार, एवढें विचारून घ्यावें.