पुस्तक काढण्याची घाई

आपल्या समाजात अलीकडे पुस्तके पुष्कळ निघतात; लेखक मात्र त्या प्रमाणात घडत नाहीत. हे विधान काही मित्रांना बोचेल, याची आम्हांला कल्पना आहे. तरीही ते केल्यावाचून राहवत नाही, कारण ज्या गोष्टीला आपण साहित्यिक जागृती म्हणून मिरवीत आहोत, ती आमच्या मते साहित्याच्याच मुळावर येऊ लागली आहे.

चर्चच्या सभागृहातला प्रकाशन सोहळा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. व्यासपीठावर सात-आठ खुर्च्या, शाल-श्रीफळ, गुलाबपुष्पे, चमकत्या कागदात बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा आणि तो सोडवताना छायाचित्रकारासाठी क्षणभर थबकलेले हात. प्रमुख पाहुणे उभे राहतात आणि सांगतात की, पुस्तक कालच हाती पडले, सवडीअभावी समग्र वाचता आले नाही, परंतु चाळले असता लेखकाची तळमळ पानोपानी जाणवली. टाळ्या होतात. मुखपृष्ठाची स्तुती होते, कागदाची होते, लेखकाच्या पत्नीने सोसलेल्या कष्टांची होते. आतल्या मजकुराविषयी कोणी चकार शब्द काढत नाही, कारण तो कोणी वाचलेलाच नसतो. मग अल्पोपाहार. आठवडाभरात नातेवाईक, शिक्षक, धर्मगुरू यांना प्रती भेट जातात आणि उरलेले गठ्ठे पलंगाखाली सरकवले जातात. पुढच्या पावसाळ्यात त्यांना ओल धरते, तेव्हा घरातली माणसे हळूच विचारतात, 'यांचे आता काय करायचे?'

या लेखकांना आम्ही दोष देत नाही. आयुष्यभर शाळेत, बँकेत वा कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाला आपले अनुभव कागदावर उतरवावेसे वाटले, तर त्याहून चांगली गोष्ट कोणती? राग आहे तो त्याच्या या इच्छेवर चाललेल्या व्यवहाराचा. जो प्रकाशक लेखकाकडूनच छपाईचा सारा खर्च आणि वर स्वतःचा नफाही आगाऊ घेतो, त्याला पुस्तक विकण्याची गरजच उरत नाही. त्याच्या दृष्टीने ते छापण्यापूर्वीच विकले गेलेले असते. हस्तलिखित वाचण्याचे, चार ठिकाणी बोट ठेवण्याचे, दोन प्रकरणे परत पाठवण्याचे त्याला काहीच कारण नसते. तसे केले तर गिऱ्हाईक जाण्याची भीती. अशा गृहस्थाला आम्ही प्रकाशक म्हणणार नाही. तो मुद्रक आहे. मुद्रकाचा धंदा प्रामाणिक आहे. त्याने दुसऱ्याची पाटी लावू नये, एवढेच आमचे म्हणणे.

या व्यवहारात भोळ्या माणसाला भुलवण्यासाठी काही शब्द वापरले जातात. त्यातला एक 'आयएसबीएन'. हा क्रमांक मिळाला म्हणजे पुस्तकाला राष्ट्रीय मान्यता मिळाली, असा समज करून दिला जातो आणि त्याचे वेगळे पैसे लावले जातात. वस्तुतः भारतात हा क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. रस्त्यावरच्या मोटारीला जसा नंबर, तसाच हा. मोटार कशी चालते, हे नंबरावरून कळत नाही. दुसरी गोष्ट कराराची. कित्येकांकडे करारपत्रच नसते, असले तर ते वाचलेले नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वामित्वहक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. ज्याला आपली गोष्ट लिहिता येते, त्याला दोन पानांचे करारपत्र वाचता येऊ नये, हे आम्हांला पटत नाही.

स्वखर्चाने पुस्तक काढणे हे पाप आहे, असेही आमचे म्हणणे नाही. परंतु ज्याचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही, अशा नवलेखकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे. तिथे हस्तलिखित परीक्षकांच्या नजरेखालून जाते. आपल्यातले किती जण त्या वाटेने जातात? विचारले की उत्तर मिळते, 'तिथे नाकारले तर?' सारे दुखणे या तीन शब्दांत आहे. नाकारले जाण्याची तयारी नाही, म्हणून पैसे मोजून होकार विकत घ्यायचा.

ज्या परंपरेचा वारसा आपण व्यासपीठावरून ऊठसूट सांगतो, तिच्याकडे या दृष्टीने एकदा पाहावे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांचे ख्रिस्तपुराण रायतूरला छापून निघाले ते १६१६ साली. मध्ये सदतीस वर्षे गेली. हा इंग्लंडात जन्मलेला माणूस. या मातीतली भाषा त्याने आईच्या तोंडून ऐकलेली नव्हती. ती त्याने माणसांत वावरून कमावली. कोकणीचे व्याकरण त्याने रचले, जे त्याच्या निधनानंतर, १६४० साली छापले गेले. ओवी हा इथल्या लोकांच्या कानात बसलेला छंद. तो त्याने आत्मसात केला आणि मग सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ सिद्ध केला. आपल्याकडे निवृत्तीच्या दिवशी लिहायला बसलेला माणूस पुढच्या नाताळाला पुस्तकाची तारीख ठरवून मोकळा होतो.

याच ग्रंथाची पुढली हकीकत आम्हांला अधिक मोलाची वाटते. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये त्याची पुन्हा छपाई झाली. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मग हे पुराण आपल्यापर्यंत पोहोचले कसे? लोकांनी ते हातांनी उतरवून घेतले. उपवासकाळात ते मोठ्याने वाचले जाई, ऐकले जाई. आणि अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले. अडीचशे वर्षे छापखान्याच्या मदतीवाचून एक ग्रंथ जिवंत राहिला, तो वाचणाऱ्याला तो हवा होता म्हणून. पलंगाखालच्या गठ्ठ्यांतले कोणते पुस्तक कोणी हाताने उतरवून घेईल?

यावर कोणी म्हणेल, स्टीफन्स विद्वान जेज्वीट. आम्ही साधी माणसे. ठीक आहे. मग लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहू. (टिळक पतिपत्नी प्रॉटेस्टंट होती म्हणून त्यांना आपले म्हणायला कचरणारे काही महाभाग अजूनही आहेत, त्यांच्यासाठी वेगळा लेख लिहावा लागेल.) शाळेचे शिक्षण न मिळालेली ही बाई, अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर, घरी. तिच्या आठवणी आधी 'संजीवनी'तून क्रमशः आल्या आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' म्हणून भागाभागाने पुस्तकरूप झाल्या. म्हणजे आधी नियतकालिक, मग पुस्तक. एकेक प्रकरण लोकांपुढे जात होते. लोक हसत होते, हळहळत होते, पुढचे मागत होते. आणि भाषा कोणती? घरात बोलतात ती. विद्वत्तेचा आव नाही, उपदेश नाही, स्वतःची फजिती सांगताना संकोच नाही. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत हे पुस्तक आज आपल्या गुणांवर उभे आहे, कोणाच्या प्रस्तावनेच्या टेकूवर नाही.

या मासिकांच्या वाटेलाच आम्ही लेखकाची कार्यशाळा मानतो. मौजेच्या 'सत्यकथे'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत, कथा पुन्हा लिहायला लावीत. १९८२ साली ते मासिक बंद पडले, पण त्या पत्रांच्या आठवणी लेखक पुढे वर्षानुवर्षे सांगत राहिले. आम्हांला ठाऊक आहे, येथे आक्षेप येईल. १९६९ मध्ये बंडखोर तरुणांनी याच 'सत्यकथे'ची होळी केली नव्हती का? संपादक म्हणजे अभिजनांचे दारवान नव्हेत का? आक्षेपात तथ्य आहे. 'सत्यकथे'च्या चौकटीत अनेकांचे जगणे बसत नव्हते. परंतु त्या तरुणांनी काय केले? पैसे मोजून कोणाकडून जाड पुठ्ठ्याची पुस्तके काढून घेतली नाहीत. त्यांनी 'फक्त', 'येरू', 'असो' अशी अनियतकालिके काढली, चक्रमुद्रित कागदांवर मजकूर छापला, एकमेकांचे लिखाण निर्दयपणे वाचले. दलित साहित्याने तर स्वतःची नियतकालिके, स्वतःचे समीक्षक, स्वतःचा वाचक उभा केला. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये 'ग्रंथाली' या वाचकांच्या चळवळीतून आले. चौकट मोडणाऱ्यांनीही वाचणारा, हटकणारा माणूस आपल्याजवळ ठेवला. आपण मात्र त्यालाच रजा दिली आहे.

आता हटकायचे काय, तेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या कथांपैकी बऱ्याच एकाच साच्यातल्या असतात. नवरा दारू पितो, बायको सोसते, मुलगा वाईट संगतीला लागतो, आणि नाताळच्या मध्यरात्री मिस्सेच्या घंटेबरोबर सर्वांचे हृदयपरिवर्तन होते. पश्चात्ताप एका क्षणात होऊ शकतो, यावर आमचा विश्वास आहे. कथेत मात्र त्याची चाहूल तिसऱ्या पानापासून लागावी लागते. तो माणूस पितो का, कोणाबरोबर पितो, कुठल्या गुत्त्यावर, पैसे कोणाकडून उसने घेतो, सकाळी मुलाकडे कसा पाहतो, यांतले काहीच कथेत नसते. शेवटच्या पानावर लेखक खाली बसतो आणि त्याच्या जागी प्रवचनकार उभा राहतो. प्रवचनाला रविवार आहे. कथेला तिचे काम करू द्यावे.

दुसरी व्याधी याहून गंभीर आहे. आपल्या कथांतल्या आज्या शालेय पाठ्यपुस्तकातल्यासारख्या बोलतात. ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत कादोडी वा वाडवळी बोलली जाते, त्या घरातली लाल लुगड्यातली म्हातारी कथेत शिरली की 'बाळ, परमेश्वराच्या इच्छेपुढे आपले काय चालणार?' असे प्रमाण मराठीत उद्गारते. ती असे कधी बोलली होती? बोलीची लाज वाटते म्हणून की लिहिण्याचे कष्ट नकोत म्हणून, आम्हांला सांगता येत नाही. एवढे मात्र दिसते की, बावखलातले पाणी रहाटाने वाडीत कसे फिरत असे, सुकेळी उन्हात किती दिवस ठेवत आणि पानांत कशी बांधत, पानवेलीच्या वाडीत कोणत्या शब्दांत बोलत, हे स्वतःच्या हातांनी केलेली पिढी आता उठून चालली आहे. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत. ही माहिती दुसऱ्या कोणा लेखकाकडे नाही; ती फक्त आपल्या निवृत्त शिक्षकाकडे, आपल्या बँकेतल्या बाईंकडे आहे. आणि ते लिहितात काय, तर 'जीवन एक प्रवास'. एवढ्या मोठ्या ठेव्यावर बसून माणसे सुविचार लिहीत आहेत, याचा आम्हांला संताप येतो.

लेखनाचे तंत्र शिकवता येते की नाही, हा वाद जुना आहे. प्रतिभा शिकवता येत नसेल. खाडाखोड शिकवता येते. लिहिलेले दोन महिने बाजूला ठेवावे. मग घरात कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवावे. जिथे ऐकणारा खिडकीबाहेर पाहू लागतो, तिथे खूण करावी. पहिले पान बहुधा काढून टाकता येते, कारण ते लेखकाने स्वतःला धीर देण्यासाठी लिहिलेले असते. विशेषणे मोजावीत. शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घेण्यात कमीपणा नाही. मुद्रितशोधक हा स्वतंत्र व्यवसाय आहे, आणि त्याचे पैसे हे पुस्तकावर झालेल्या साऱ्या खर्चात सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे असतात.

२०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले, तेव्हा आपण फलक लावले, सत्कार केले. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा शोकसभा घेतल्या. त्यांच्यामागे 'सुवार्ता' मासिकाची दोन तपांची संपादकी होती, महिन्यामागून महिना दुसऱ्याचे आणि स्वतःचे लिखाण दुरुस्त करण्याची मजुरी होती. त्या मजुरीचा उल्लेख शोकसभांतून आम्ही फारसा ऐकला नाही.

प्रत्येक धर्मग्रामात नाट्यमंडळ असते, गायकवृंद असतो. गायकवृंद सराव केल्याशिवाय मिस्सेला उभा राहत नाही. लिहिणाऱ्या पाच माणसांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून एकमेकांचे वाचावे, यासाठी एक खोली आणि दोन बाके पुरतात. तसेच ज्येष्ठांनी न वाचलेल्या पुस्तकांना प्रस्तावना देणे थांबवावे. मैत्रीखातर दिलेल्या प्रस्तावनेने नवख्या माणसाचे जितके नुकसान होते, तितके परखड नकाराने होत नाही.

पुढील नाताळ अंकासाठी साहित्य पाठवणाऱ्यांना आमची विनंती आहे की, संग्रह पाठवू नये. एकच कथा किंवा एकच लेख पाठवावा. कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून लिहिलेला असावा, आणि स्वतःजवळ प्रत ठेवावी. त्यात कोणाची तरी आजी बोलत असेल, तर ती जशी बोलते तशीच बोलू द्यावी; कठीण शब्दांचे अर्थ आम्ही तळटीपेत देऊ. लिखाण समासात खुणा करून परत येईल, कदाचित दोनदा येईल. ज्यांना हे मान्य नसेल, त्यांनी सभागृहाची तारीख खुशाल ठरवावी.