ताबा

घर, जमीन, दुकानाचा गाळा यांचा ताबा मिळतो. कोर्टाच्या भाषेत मुलाचाही 'ताबा'च मिळतो. या एका शब्दानं बापाचं काय होतं, हे अनुराग कश्यपच्या 'अग्ली'इतकं निर्भीडपणे फार थोड्या हिंदी चित्रपटांनी दाखवलं आहे. २०१३ साली कान येथे दाखवला गेलेला हा चित्रपट पुढच्या वर्षी डिसेंबरात आपल्याकडे आला.

काम शोधणारा मुंबईतला नट राहुल. घटस्फोटानंतर लेक कली त्याला आठवड्यातून एक दिवस भेटते. त्या दिवशीही तो तिला गाडीत ठेवून मित्राकडे जातो. परततो तर गाडी रिकामी. पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर जाधव (गिरीश कुलकर्णींनी तो जिवंत केला आहे) नटाचं खरं नाव काय, फोन आल्यावर मोबाइलवर समोरच्याचा फोटो कसा दिसतो, यातच रमतो. हातातला वेळ तिथंच निसटतो.

कलीचा सावत्र बाप शौमिक बोस तर बडा पोलीस अधिकारी. पण त्याच्या अधिकाराचा पहिला तडाखा बसतो राहुलला, कारण कॉलेजात कलीच्या आईनं, शालिनीनं, शौमिकऐवजी राहुलला निवडलं होतं. तीच शालिनी आता शौमिकची बायको आहे, आणि तिचे फोन तो चोरून ऐकतो. मर्दपणा म्हणजे जिंकणं, एवढंच हे दोघं बाप शिकलेत. मुलगी हरवल्यावरही त्यांना दिसतो तो एकमेकांचा पराभव. मग खंडणीची मागणी होते, आणि पैशासाठी हात पुढे करतात ती नात्यातली, मैत्रीतली माणसं. अखेर सापडतो तो कलीचा कुजलेला देह.

लेकीसाठी रक्त सांडणाऱ्या बापाला आपला पडदा सगळं माफ करतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. कश्यप ही सूट देत नाही, म्हणून 'अग्ली' मला नैतिक चित्रपट वाटतो. बापाचं पाप त्यानं गोळीबारात शोधलेलं नाही. 'आलोच' म्हणून लेकराला मागं ठेवण्यात ते सुरू होतं, आणि ही चूक आपल्यापैकी कुणाच्याही हातून होऊ शकते.

लेकीचा ताबा मागणाऱ्या प्रत्येक बापानं आधी स्वतःला विचारावं, तिच्या वाट्याचा तो एक दिवस मी तिला दिला का? कलीवर हक्क सांगणारे बाप दोन होते. गाडीत ती एकटीच होती.