फुलोऱ्यातील पानतोड : परदेशी व्हिडिओ, आपले पीक आणि कायदा

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला घरी गांजाची तीन झाडे लावता येतात. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार. तिकडे खोलीत, दिव्याखाली वाढवलेल्या झाडांची फुलोऱ्यात पाने ओरबाडून काढतात, ते व्हिडिओ आता आपल्याकडेही फिरतात. द्राक्ष बागायतदार विचारतात, ‘सर, आपणही असेच झाड मोकळे करायचे का?’

आधी तिथली परिस्थिती बघा. दिवा छताला एका जागी टांगलेला असतो, सूर्यासारखा फिरत नाही. त्यामुळे वरच्या पानांची सावली खालच्या फुलांवर कायम राहते. बंद खोलीत दमट हवा कोंडते आणि दाट फुलांत करडी बुरशी शिरते. म्हणून सावलीतली, पिवळी पडू लागलेली पाने काढण्याला तिथे अर्थ आहे. पण हिरवे पान हा अन्नाचा कारखाना आणि नत्राचा साठा असतो. फुलोऱ्यात नवीन पाने फारशी येत नाहीत, त्यामुळे सरसकट काढलेल्या पानांची भरपाई होत नाही. (व्हिडिओत कात्री दिसते, शेवटी वजनकाटा क्वचितच दिसतो.)

द्राक्षात तत्त्व तेच, हिशेब वेगळा. घडाजवळची दाटी कमी केली की हवा खेळते, फवारणी मण्यांपर्यंत पोहोचते, भुरी आटोक्यात राहते. मात्र घडाच्या पुढे १० ते १२ सशक्त पाने हवीतच, नाहीतर मणी फुगत नाहीत आणि साखर भरत नाही. पश्चिमेकडची पाने जपा. दुपारच्या उन्हात उघडा पडलेला घड करपतो. आणि सगळी विरळणी एकाच दिवशी उरकू नका.

आता कायदा. ‘नुसते पान म्हणजे गांजा नव्हे, मग चार झाडे लावली तर काय बिघडले?’ असे काही जण म्हणतात. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातील गांजाच्या व्याख्येत शेंड्याविना असलेले पान येत नाही, हे खरे. पण परवान्याशिवाय झाड लावणे हाच गुन्हा आहे. कलम २० नुसार १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुरीत किंवा उसात आंतरपीक म्हणून लपवलेली झाडेही त्यात आली. उत्तराखंडात औद्योगिक भांगेला परवाना मिळतो, पण तो धागा आणि बियांसाठी, आणि नशा आणणाऱ्या घटकाचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत असेल तरच. तो परवाना दाखवून महाराष्ट्रात कोणी बियाणे विकायला आले, तर घेऊ नका आणि तालुका कृषी कार्यालयाला कळवा.