तेलाचं श्रेय

मुलाचा कान नेमका रात्रीच ठणकायला लागतो. दवाखाने बंद, मूल कान धरून कळवळतंय, आणि घरातलं कोणीतरी पळीत तेल तापवून लसणाच्या दोन पाकळ्या त्यात तळायला घेतं. पाकळ्या लालसर झाल्या की तेल कोमट करून दोन थेंब कानात, वर कापसाचा बोळा. सकाळी मूल खेळायला लागतं. ‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात आणि गुण येतो,’ हा या उपायाचा पूर्वपक्ष. गुण येतो हे मला मान्य आहे. वाद आहे तो कशानं येतो याचा.

लसणात जंतू मारणारं द्रव्य आहे. कॅव्हलिटो आणि बेली यांनी १९४४ साली त्यातून ॲलिसिन वेगळं काढलं. पण ते पाकळीत आयतं नसतं. पाकळी ठेचली की एका विकराच्या क्रियेनं ते तयार होतं, आणि कढत तेलात तो विकरच निकामी होतो. शिवाय सर्दीत मुलांचा कान दुखतो तो बहुधा पडद्यामागे. नाकामागून कानाकडे जाणारी नळी सुजते आणि मध्यकर्णात पू साचतो. पडदा शाबूत असेल तर तेल अलीकडेच थांबतं. फाटला असेल तर ते आत जाताच कामा नये.

श्रेयाचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. पुवाचा दाब वाढून पडदा फाटला की कळ एकदम थांबते आणि उशीवर स्राव दिसतो. घरचे म्हणतात, ‘तेलानं घाण बाहेर काढली.’ पडदा फाटला होता हे कोणाला कळतच नाही. पुढच्या सर्दीत त्याच कानात पुन्हा तेल पडतं, आणि काही मुलांचा कान वर्षानुवर्षं वाहत राहतो.

या उपायांची पारख कोणी केलीच नाही, असंही नाही. इस्रायलमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५ ते १८ वर्षांची १७१ मुलं होती. काहींना लसूण, झेंडूच्या कुळातलं कॅलेंड्युला वगैरेंचे ऑलिव्ह तेलातले थेंब दिले, काहींना कान बधिर करणारे. दोन्हीकडच्या काहींना सोबत अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक. तीन दिवसांत सगळ्याच गटांची वेदना उतरली. वनस्पतींच्या थेंबांचं पारडं थोडं जड ठरलं, पण सुमारे ८० टक्के आराम निव्वळ वेळ गेल्यामुळे पडला, असं त्याच संशोधकांनी लिहिलं. औषधाविना ठेवलेला गट तर त्यात नव्हताच.

म्हणून तेलाला नावं ठेवून प्रत्येक दुखऱ्या कानाला अँटिबायोटिक लिहिणाऱ्यांनाही माझा हाच सवाल आहे: गुण कशानं आला? बहुतेक मुलांची कळ एका दिवसात आपोआप ओसरते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसलं आहे. आजीच्या तेलाला लावलेली कसोटी गोळीलाही लावली पाहिजे. दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान दुखत असतील, खूप ताप किंवा वाहता कान असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग ठरलेला आहे. एरवी डॉक्टरांच्या नजरेखाली दोन-तीन दिवस वाट पाहता येते.

परंपरेचा दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा. सुश्रुतानं कानाचे २८ रोग मोजले. दुखणारा कान, वाहणारा कान, कुजका वास येणारा कान त्याच्याकडे वेगवेगळे आहेत, आणि उपायांत पुसणं, धुणं, धुरी देणंही आहे. सरसकट सगळ्या कानांना लसणाचं तेल ही आपली आळशी बेरीज आहे. कान कोणत्या जातीचा आहे हे दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय घरात कळत नाही. मळ घट्ट बसला असेल तर तेलानं तो मऊ होतो, हे खरं. पण पावसाळ्यात बुरशी धरलेल्या कानात तेल घातलं की ती फोफावते. आत काळे ठिपके असलेला ओल्या कागदासारखा लगदा साचतो, आणि तो काढताना मूल जे रडतं ते ऐकवत नाही.

शेक मात्र मी सोडणार नाही. तव्यावर गरम केलेल्या फडक्याची घडी आधी आपल्या गालाला लावून पाहावी आणि मग कानाच्या बाहेरून धरावी. सोबत वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावं आणि मुलाला उशाशी उंच करून निजवावं. सुदर्शनच्या पानाचा रस, तुळशीचा रस, आईचं दूध, यातलं काहीही कानात घालू नये. कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकललेली दिसली, किंवा मूल गळून गेलं, मान ताठली, तोंड वाकडं झालं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री इस्पितळ गाठावं.